हत्तीवाल्या हॉटेलातलं आत्यांचं पान

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. शाळेला सुट्टी. सकाळपासून गच्च्यांवर पतंग आणि लाउडस्पीकर. मला कोणी वर बोलावलं नाही. बरोबर आहे, सुतक संपलं तरी वर्ष आहे. शेजारच्या चौधरी वहिनी उंधियूची वाटी देऊन गेल्या. जाताना, "यंदा तुमच्याकडे तीळगूळ नाही ना?" नाही म्हटलं.

समोरच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या पाटीवरच्या हत्तीला आज पाय बसवले. नोव्हेंबरात फक्त डोकं आलं होतं, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसायच्या. "हत्तीनं डोकं यी गयं. पाय ऊनात का जाऊत आपन." मी म्हटलं, अहो थाई हॉटेल आहे ते, थायलंडचं. "ऱ्हाऊ दे. हत्ती ते आपलाच शे ना."

पाय आले. आत्यांना जाऊन आज सदतीस दिवस.

१७ जानेवारी, शुक्रवार

रजेच्या अर्जावर अजून सही नाही. नातं या रकान्यात 'सासू' लिहिलंय म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "पाटील बाई, आईवडील किंवा नवरा असता तर प्रश्नच नव्हता." स्टाफरूममध्ये भदाणे बाई हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं, "एकोणीस वर्षं केलं बिचारीने. सुटली."

सुटली हा शब्द पस्तिसाव्यांदा ऐकला असेल. द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, आलेल्या बायकाही हेच म्हणत होत्या, आत्यांचा फोटो समोर असताना. मी चहा देत होते.

चौथीचे गुणाकार तपासले.

२ फेब्रुवारी, रविवार

हत्ती सुरू झाला. दारात फुगे, केळीचे खांब, येणाऱ्या प्रत्येकाला छास. सुरतेच्या भेस्तानात थाई हॉटेल आणि स्वागताला छास. आत्या असत्या तर दोन ग्लास प्यायल्या असत्या आणि आत न जाता परत आल्या असत्या, "गर्दी कमी होवू दे" म्हणून.

दुपारी नंदुरबारहून धाकट्या दिरांचा, अनिलभाऊंचा फोन. महिन्याची तिथी त्यांनी तिकडे केली. "वहिनी, तुम्ही तिथे वेगळं काही करायचं नाही. मुलगा मी आहे, इथे सगळं होतंय." मग वर्षाचे नियम सांगितले. सण नाही, गोड नाही, बाहेर जेवण नाही. मला ते माहीत आहेत. माझे यजमान प्रकाश गेले तेव्हा मीच पाळले. म्हणजे, आठ महिने पाळले.

बरं म्हणाले. मला बरं म्हणायची फार वाईट सवय आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

कपाट आवरताना आत्यांची वही हाती आली. खरं तर माझीच, शाळेतला जुना हजेरीपट. पण रकाने त्यांचे. अनुक्रमांक, तारीख, कुठे, काय खाल्लं, आणि शेवटी निकाल. पा., ना. किंवा ढ. ढ. म्हणजे ढकलपास.

नियम एकच होता. चालत जाता येईल एवढ्या अंतरात काही नवीन उघडलं की पहिल्या महिन्यात जायचं. एकच पदार्थ घ्यायचा, दोघींत अर्धा अर्धा. निकाल आत्या देणार, लिहिणार मी. कशाचाही पहिला घास घेतला की म्हणायच्या, "मीठ कमी शे." मग विचार करून निकाल.

एकूण ४३ नोंदी. शेवटची ऑक्टोबरातली, कॅनाल रोडचा मोमोवाला. ना. ("कच्चं पीठ शे. बिमार पाडी.")

४४ आकडा टाकून ठेवला. २ मार्चला हत्तीचा महिना संपतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले.

साडेबाराला, भर दिवसा, दाराला कुलूप लावून. जिन्यात कोणी भेटलं असतं तर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. कोणी भेटलं नाही.

आत सहा टेबलं. गल्ल्यावर मालकीणबाई, रिंकलबेन, चाळिशीच्या. दारावरच लिहिलंय, प्युअर व्हेज, जैन मिळेल, माशाचा सॉस नाही. स्वयंपाकी नेपाळी आहे, पण सगळे त्याला महाराजच म्हणतात.

न मागता आलेलं सूप: गवती चहा, आलं, लिंबू, नारळाचं दूध. वाईट नाही, पण आपल्याला सर्दी झालीय असं वाटत राहतं. शेजारच्या टेबलावर पपईचं काहीतरी आलं. फाफड्याबरोबर मिळतो तोच संभारो, फक्त दाणे घातलेला. मी पाड थाई घेतलं. चपट्या शेवया, चिंच, गूळ, वरून शेंगदाण्याचा जाडसर कूट. कूट बघून बरं वाटलं. ज्या देशात दाण्याचा कूट करतात तिथले लोक अगदी परके नसणार.

एक रिकामी प्लेट जास्त मागितली. मागून झाल्यावर लक्षात आलं. परत नेऊ दिली नाही.

चव चांगली होती. पण अर्धं झाल्यावर हात थांबला. पोट भरलं नव्हतं. पुढचं अर्धं माझं नव्हतं, एवढंच. तो भाग मी कधी खाल्लेलाच नाही.

रिंकलबेन आल्या, आवडलं नाही का विचारायला. "बेन, ना भाव्युं?"
"ना ना, सारुं हतुं."
त्यांचा विश्वास बसला नाही. पॅक करून दिलं. घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं.

वहीत ४४ समोर तारीख, ठिकाण, पदार्थ लिहिला. निकालाचा रकाना कोरा. तो माझा अधिकार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाहिलं होतं. चौधरी वहिनींनी गॅलरीतून.

"मीनाताई, रविवारी समोर दिसलात. काही काम होतं का?"
"जेवायला गेले होते."
"एकट्याच?"
"हो."
"बाई बाई. अजून तीन महिनेही झाले नाहीत." मग समजुतीने, "नाही, चालतं हो आजकाल. पण लोक बोलतात."

लोक म्हणजे त्या. संध्याकाळी लताचा फोन नंदुरबारहून. म्हणजे बातमी तापी नदीच्या काठाकाठाने दोन दिवसांत पोचली. लता माझी जाऊ, वाईट नाही. म्हणाली, "ताई, ह्यांना फार लागलं. म्हणतात, आई गेली आणि वहिनी हॉटेलात."

मी म्हणाले, "हो, गेले होते. परत रविवारी जाणार आहे."

फोन ठेवल्यावर कुकर पाणी न घालताच लावला. पण बोलले. बरं म्हणाले नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. काचेजवळचं टेबल मागून घेतलं, आमच्या बिल्डिंगकडे तोंड करून. चौधरी वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी हात केला. त्यांनी चिमटे घाईने लावले.

परत पाड थाई. परत अर्धं.

रिंकलबेन आता काळजीत. महाराजांना बाहेर बोलावलं. ते पन्नाशीचे, टोपी हातात घेऊन उभे. "माताजी, क्या कम है? बताइए तो ठीक करें।" माझ्या तोंडून निघालं, "नमक।" खरं तर मीठ बरोबर होतं.

५ मार्च, बुधवार

एक गोष्ट अनिलभाऊंना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

प्रकाश गेले तेव्हा आत्या अमळनेरजवळच्या गावाहून महिनाभर सोबतीला म्हणून आल्या. प्रकाश यांचा मिलचा पगार बंद, मूलबाळ नाही. मी शाळेत जायचे, येऊन झोपायचे. आत्या साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायच्या. दोघी मिळून खिचडी खायचो, रोज. गोड नाही, तळण नाही, सण नाही. मला वाटायचं, त्या नियम पाळतात म्हणून मी पाळते. त्यांना वाटायचं, मी पाळते म्हणून.

आठव्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी कात्री खाली ठेवली. "ऊठ व मीना. भायेर चाल. काही तरी खाऊत."
मी म्हटलं, अहो वर्ष व्हायचंय.
"मना पोऱ्या गया. माले मालूम शे. तू बी मरशी का आते? ऊठ."

पांडेसऱ्याच्या नाक्यावर नवीन लोचोची गाडी लागली होती, लोचो म्हणजे सुरतेचा मऊ, फुटलेला ढोकळाच. एक प्लेट, दोन चमचे. मी रडत खाल्लं. त्या म्हणाल्या, "मीठ कमी शे. पन पास."

वहीतली नोंद १. ज्या बाईचा मुलगा गेला होता तिने ते वर्ष मोडलं, माझ्यासाठी. आणि आता तिचं वर्ष मी पाळायचं, खिचडी खाऊन, लोकांना दिसेल असं...

नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळेटी. खिडक्या बंद ठेवल्या.

अनिलभाऊंचा फोन, आखाजीबद्दल, म्हणजे अक्षय्यतृतीयेबद्दल. आईची पहिली आखाजी. पितरांची घागर नंदुरबारला भरणार, आगारी, म्हणजे विस्तवावर घास टाकणं, तिथेच, पितर म्हणून त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना जेवू घालणार. "आईला आवडायची म्हणून पुरणपोळी. भरपूर. तुम्ही आदल्या दिवशी या."

आत्यांना पुरणपोळी आवडायची नाही. जड व्हायची. दर दिवाळीत अनिलभाऊ नंदुरबारहून डबा भरून आणायचे, समोर बसून वाढायचे. ते पाणी प्यायला उठले की पोळी माझ्या ताटात. एकोणीस दिवाळ्या मी चार चार पोळ्या खाल्ल्या. हे कसं सांगायचं?

सांगितलं ते एवढंच, "मी येणार नाही. आत्या इथे राहत होत्या. घागर मी इथे भरते."
"वहिनी, तुम्हाला तो अधिकार नाही."
"ठीक आहे. मग अधिकाराशिवाय भरते."



३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही. हा नियम मोडावासा वाटला नाही. मला सगळे नियम मोडायचे नाहीत.

खाली बाकावर सिंधूमावशी. तळमजल्यावरच्या, ऐंशीच्या, आत्यांच्या बाकावरच्या सोबतीण. दोघींनी मिळून सुरतेतल्या निम्म्या साड्यांचे धागे कापले असतील. आत्या गेल्यापासून मावशी बाकाच्या एकाच टोकाला बसतात.

विचारलं, "मावशी, आखाजीला आमच्याकडे पितर म्हणून जेवायला याल का? आत्यांच्या जागी."

मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माले कोन बलावस आते? यीसू. काय करशी जेवाले?"

सांगितलं. वरण-भात, आमरस, कुरडया, आणि हत्तीकडच्या शेवया. मोबाइलवर फोटो दाखवला. मावशींनी चष्मा वर करून पाहिला.

"हाई ते धागा शे व! जलमभर धागा काप्यात, आते खावाना बी धागाच?"

दोघी हसलो. बाकावर बसून, पाडव्याच्या दिवशी, मोठ्याने. वर पाहिलं नाही कोण गॅलरीत आहे.

१३ एप्रिल, रविवार

हत्तीकडे. आज तिथे फक्त मी. रिंकलबेनना आखाजीची ऑर्डर सांगितली, ३० तारीख, सकाळी अकरापर्यंत, एक पाड थाई. कशासाठी तेही सांगितलं. सांगायला नको होतं.

त्यांचा चेहरा पडला. "बेन, खोटुं ना लगाडता. नवुं नवुं खोल्युं छे. मरणनुं जमण पहेला ज वरसमां अमारा रसोडामांथी..." नव्या धंद्यात अपशकुन. त्यांच्या सासूबाईंना कळलं तर रागावतील.

मी उठणार होते. उठले नाही. मी फारशी बोलत नाही, आणि गुजराती तर बाजारापुरतंच. तरी सगळं सांगितलं, मोडक्या गुजरातीत आणि हिंदीत. हत्तीचं डोकं, हत्तीचे पाय. वही. अर्धं का उरतं. शेवटी म्हणाले, "तमारा अन्नने अपशकुन ना कहो. एमने अहीं आववुं हतुं." आत्यांना इथे यायचं होतं, एवढंच.

आतून महाराज आले, सगळं ऐकलं असावं. म्हणाले, "माताजी, माँ का खाना है न? मैं बनाऊँगा। नहा के बनाऊँगा।" मग मालकिणीकडे बघून, "छुट्टी है मेरी उस दिन, समझ लो।"

रिंकलबेन म्हणाल्या, "छुट्टी शेनी? सवारे दस वागे आवी जजो." आणि मला, "अडधुं नहीं बगाडवानुं हवे, हं बेन."

२० एप्रिल, रविवार

अनिलभाऊ: "एका माणसाची घागर दोन ठिकाणी भरत नाहीत. आई कुठे येणार?"

मी: "जिथे त्यांच्या आवडीचं असेल तिथे."

फोन त्यांनी ठेवला. इतकी वर्षं मला असं उत्तर रात्री अंथरुणात सुचायचं. आज वेळेवर आलं. तरी दिवसभर बरं वाटलं नाही. त्यांचीही आई आहे. तेराव्याला गंधमुक्तीच्या वेळी ते लहान मुलासारखे रडले होते, भिंतीकडे तोंड करून.

पण घागर भरणार.

२७ एप्रिल, रविवार

उधना रोडच्या कडेला कुंभार बसतात, तिथून घागर आणली. लाल, तळाशी थोडी काळी. वर ठेवायला छोटं बुडकुलं. खरबूज घेतलं. गोवऱ्या मिळेनात, शेवटी दूधवाल्या भरवाडाने दोन दिल्या. "शेनी पूजा छे, बेन?" सासूबाईंची म्हटलं. त्याने आणखी एक दिली.

वार्षिक परीक्षेचे पेपर संपले. मन लागत नव्हतं तरी बेरजा दोनदा तपासल्या.

२९ एप्रिल, मंगळवार

लताचा फोन, कुजबुजत. "ताई, हे उद्या सकाळच्या गाडीने तिकडे येताहेत. इथली घागर मी पहाटे भरणार आहे. तुम्हाला सांगू नको म्हणालेत. भांडू नका हं."

भांडायला येताहेत की जेवायला, ते तिलाही माहीत नाही.

दोन पानं काढून ठेवली होती, मावशींचं आणि माझं. एक वाढवलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी घागर भरली. खरबूज, आंबा, कुंकवाची बोटं. आत्यांचा फोटो गॅलरीच्या दाराशी ठेवला, तिथून हत्ती दिसतो. अकराला पाच मिनिटं कमी असताना महाराज स्वतः डबा घेऊन आले. अंगावर धुतलेला शर्ट. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, फोटोला बाहेरूनच हात जोडले. त्यांच्या मागोमाग जिन्यात अनिलभाऊ. हातात स्टीलचा डबा. दोघांनी एकमेकांना वाट दिली.

"हा कोण?"
"स्वयंपाकी. हत्तीवाल्या हॉटेलचा."

चप्पल काढली, पाय धुतले.

सिंधूमावशी पाटावर बसल्या होत्या, नवीन लुगडं नेसून, फोटोसारख्या ताठ. मी पान वाढलं. वरण-भात, आमरस, कुरडई, ठेचा. मधोमध पाड थाई. अनिलभाऊंनी स्वतःचा डबा उघडला आणि न विचारता त्याच्या शेजारी पुरणपोळी वाढली. मी अडवलं नाही.

आगारीची वेळ आली. गोवरीचा विस्तव लाल झाला होता. त्यांनी हात पुढे केला, पण चमचा माझ्या हातात होता. तो मी दिला नाही. "आधी मी," म्हणाले. "मग तुम्ही." ते माझ्याकडे बघत राहिले. मी तूप सोडलं, भात टाकला, आमरस, आणि शेवयांचा एक घास. शेवया विस्तवावर वळल्या, दाणे जळल्याचा वास आला. मग चमचा त्यांना दिला. त्यांनी पुरणपोळीचा तुकडा टाकला.

मावशी जेवल्या. शेवया बोटाला गुंडाळून, सावकाश, सगळ्या. माझ्या फ्रिजमध्ये गेले दोन महिने दर रविवारी अर्धा डबा यायचा. आज पानात काही उरलं नाही. उरली फक्त पोळी. मावशींनी ती उचलून सरळ माझ्या ताटात ठेवली. "पुरन माले पचत नही व, तू खाय."

अनिलभाऊ बघत होते. मला हसूही येईना.

"आई पण असंच करायची?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."
"मी दर वर्षी आणत होतो वहिनी."
"त्या म्हणायच्या, अनिल हौसेने आणस, त्याले सांगू नको."

ते गॅलरीत जाऊन आत्यांच्या खुर्चीत बसले. मी वही नेऊन दिली. का दिली, सांगता येत नाही. शांतपणे वाचत होते, एक ते चव्वेचाळीस. मोमोवाल्याच्या शेऱ्याला नाकातून हसले. मग परत पहिल्या पानावर.

"ही तारीख. दादाला जाऊन वर्ष झालं नव्हतं."
"आठ महिने झाले होते."
"तुम्ही नेलं आईला?"
"त्यांनी मला नेलं."

वही मिटून मांडीवर ठेवली. "मला वाटायचं आई इथे भाकरी आणि मूग खाऊन दिवस काढते. मला कधी बोलावलं नाही तुम्ही."

खरंच बोलावलं नव्हतं. ते आमचं दोघींचं होतं.

निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. डब्याच्या तळाशी थोड्या शेवया होत्या. उभ्या उभ्या चिमूटभर तोंडात टाकल्या. ते जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत, घरीसुद्धा पुस्तकासारखं मराठी बोलतात. सिंककडे तोंड करून म्हणाले, "मीठ कमी शे."

मी कट्टा पुसत होते. पुसत राहिले.

दारात चप्पल घालताना पुन्हा मूळ आवाज. "वर्षश्राद्ध मात्र नंदुरबारला. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."
"मी इथे करणार आहे."
"वहिनी."
"तुम्ही या. लताला घेऊन या."

वही हातातच होती. "ही मी नेऊ?"
"नाही."

परत दिली.

१ मे, गुरुवार

लताचा फोन. अनिलभाऊ काल उशिरा घरी पोचले. सकाळी तिला विचारलं, नंदुरबारला थाई मिळतं का. मिळत नाही.

वर्षश्राद्धाचं ठरलेलं नाही. ते सांगत फिरतील, मीही सांगत फिरेन. चौधरी वहिनींना आज जिन्यातच सांगितलं, तिथीसकट. त्या म्हणाल्या, "परत हॉटेलचं?" हो म्हटलं, परत हॉटेलचं.

संध्याकाळी रिकामा डबा हत्तीला परत केला. रिंकलबेननी हात लावून विचारलं, "अडधुं?" नाही, पूर्ण, म्हटलं. त्यांनी आत ओरडून महाराजांना सांगितलं.

वहीत ४४ समोरचा रकाना कोरा आहे. सिंधूमावशींना बाकावर विचारलं होतं, पास की नापास. "मी काय मास्तर शे का?" म्हणाल्या. वर्षश्राद्धाचं आमंत्रण मात्र देऊन ठेवलं. अजून सात महिने आहेत, असंही सांगितलं.

"जित्ती राह्यनू ते यीसू," मावशी म्हणाल्या. "पन त्या महाराजले सांग, धागा जरा बारीक कापी ठेव."